तिसरा खांब

४ मे
तिसरा खांब बद्द वाजतो! ओढ्यात उतरून हातोडीनं तीनदा ठोकला. पहिला, दुसरा, चौथा — खणखणीत. तिसरा बद्द. लहानपणी माठ घेताना बाबांनीच शिकवलं होतं — "डोळ्यांनी बघू नकोस, वाजवून बघ." आणि हा पूल बांधताना गवंडी बाबाच होते.

कचेरीच्या तपासणीच्या कागदावर दरवर्षी 'पूल ठीक'. सगळे वरूनच बघतात. खाली उतरलं की चपला भिजतात ना! मागच्या वर्षीच्या कागदावर सही माझी आहे. मीही वरूनच पाहिलं होतं. ही ओळ दोनदा खोडली. पण लिहिणार.

५ मे
पुलाच्या दोन्ही टोकांना दोरी बांधली. पाटी लावली — पूल बंद. अक्षर वाकडं आलं. पाटी पुसून पुन्हा लिहिली.

दूधवाला सगळ्यांसमोर — "ताई, आता कॅन घेऊन ओढ्यातून जाऊ? दुधात पाणी पडलं तर तुमच्या नावावर हं!"

"पहिल्यांदाच पडणार आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं. लोक हसले. तोही हसला. घरी आल्यावर वाटलं, बोलायला नको होतं. दोरी मात्र सोडली नाही.

दोरीनं ज्याचं काही अडलं नाही असा एकच माणूस — बाबा. ते कायम ओढ्यातूनच जातात. पायाला गार बरं वाटतं म्हणे.

६ मे
साहेबांनी बोलावलं. "पंचवीस वर्षं उभा आहे पूल. तुमच्यापेक्षा वयानं मोठा. मोठ्यांचा मान ठेवावा!"

मी म्हटलं, पावसात ओढा त्याच खांबाला धडका देतो.

"सोमवारी वरचे इंजिनियर येतायत. आवाज हा काही पुरावा नव्हे. खांब फोडायचा तर लेखी पुरावा लागतो. नसेल तर दोरी सुटेल. मग तुमचं काय करायचं तेही बघू."

तुमचं काय करायचं! आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. कचेरीत खुर्ची मिळालेलीही पहिलीच. आईला सांगितलं नाही. जेवली नसती.

७ मे
दोरी कुणीतरी कापली. नवी बांधली. दुहेरी गाठ.

८ मे
पाटी लावल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसतात, अर्धी भाकरी खाऊन उठतात. त्यांच्या कामात खोट काढली म्हणून राग असणार.

आई म्हणाली, "बापाच्या हातच्या कामावर पाटी लावलीस. शोभलं तुला!"

"खांब कुणी बांधला ते पाणी विचारत नाही, आई."

बाबा तिथंच होते. मान वर केली नाही. मी न्हाणीत जाऊन रडले. तोंड धुतलं. शब्द मागे घेतला नाही.

१० मे
उद्या इंजिनियर. अहवाल लिहून झाला — मागच्या वर्षी मी न उतरता सही केली, हेसुद्धा त्यात घातलं. फक्त पुराव्याचा रकाना कोरा. कोरा तर कोरा! मी दोरी सोडणार नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं सोडावी आणि सोडली म्हणून सही करावी. बघू कोण धजतं!

११ मे, सकाळी
अहवाल पिशवीत घालत होते. बाबा आले, समोर बसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"तिसऱ्यात काँक्रीट नाही. ओढ्यातले गोटे आहेत. सिमेंट संपलं, मुकादम म्हणाला भर. मी भरले. वरून गिलावाही मीच केला. लिही."

"नाव घालावं लागेल, बाबा."

"मग घाल की. पूर्ण घाल."

घातलं. अहवालात बाबांचं नाव दोनदा आलं — एकदा पुराव्याच्या रकान्यात, एकदा माझ्या सहीत.