नववा लागलाय

प्रिय ठमे,

काल संध्याकाळी फोनवर तुला ‘बाळ झोपलंय’ म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तुझं दूध न्यायला मावशी येतेय, तिच्याबरोबर हे पत्र देतेय. टाके सांभाळून बैस आणि सावकाश वाच.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही, एवढं तुला ठाऊक आहे. दहा मिनिटं झाली तरी त्याला श्वास डॉक्टरच देत होते. अॅम्ब्युलन्समधून इथे मोठ्या इस्पितळात आणलं तेव्हा त्याच्या मुठीत मी बोट देत होते आणि मूठ वळतच नव्हती. इथल्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. म्हणाल्या, प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालीय. ती वाढू नये म्हणून तीन दिवस अंग गार ठेवायचं, साडेतेहतीस अंशांवर. पण हे सगळ्याच बाळांना करता येत नाही. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हायला हवं, रक्तात आम्ल ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेलं हवं, बाळ तितकं सुस्त हवं, आणि छत्तीस आठवडे पूर्ण हवेत. आपलं नातवंड पुरेसं आजारी ठरावं म्हणून जीव टांगणीला लागलेली आजी तू कधी पाहिलीस? रक्ताचा कागद आला. त्यात बसलं.

मग त्यांनी आठवडे विचारले. मी ठसक्यात म्हणाले, नववा लागलाय. “आजी, लागलेलं नको, भरलेलं सांगा.” आपल्या घरात सगळं लागलेलंच मोजतात गं. तुला पाचवं लागलं तेव्हा मी शाळेच्या अर्जावर पाच लिहून आले, आणि वर्षभर तू वर्गात सगळ्यांत बुटकी. मी बोटं मोजायला लागले. आठ भरले म्हणजे पस्तीस की छत्तीस, सांगता येईना. तुझी फाईल घाईत तिकडेच राहिलेली, साडेचार तास उलटून गेलेले. शेवटी तुझ्या प्रसूतिगृहात फोन केला. छत्तीस आठवडे, दोन दिवस. फक्त दोन दिवस, ठमे.

आता ते गार गादीवर आहे, डोक्याला तारा लावलेल्या. काल मी सवयीने पायमोजे पुढे केले, तर नर्स म्हणाली, “आम्ही गारठवतोय आणि तुम्ही ऊब द्यायला निघालात होय?” तिला सिस्टर म्हणताना मी अजून शाळेतल्या नन्सपुढे उभी असल्यासारखी ताठ होते. तू झालीस तेव्हा तुला दोन दुलयांत गुंडाळून मी रात्रंदिवस तुझी पावलं चाचपत असे. याचं गार कपाळ हाताला लागलं की हात आपोआप दुलई शोधतो. अजून बावन्न तास. मग हळूहळू ऊब देणार. पुढचं डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

त्या फोनवर आठवडे सांगून झाल्यावर तिकडची नर्स म्हणाली होती, “त्या शुद्धीवर आल्यात, देऊ का?” माझ्यासमोर संमतीचा कागद होता. जावई बोटीवर, त्यांचा फोन लागत नव्हता. धोके मला समजावून झाले होते: ठोके मंदावतील, रक्त गोठायला अडचण येईल, आणि इतकं करूनही कदाचित उपयोग होणार नाही. तुला विचारण्याएवढा वेळ होता. मी ‘नको, पडू दे तिला’ म्हणाले आणि सही केली. तू हो म्हणाली असतीस आणि काही वाईट झालं असतं, तर तो ‘हो’ तू जन्मभर उगाळत बसली असतीस. म्हणून तो मी माझ्याकडे घेतला. राग आला तर माझ्यावर काढ, वर्षभर बोलू नकोस हवं तर. पण त्या कागदावर तुझं नाव कुठेही नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

तुझीच,
आई