गालावरचा लेप

नांदुरा, १९१९

कमळीच्या बाबास द्वारकेचा नमस्कार.

लढाई संपून तुम्ही बसऱ्याहून निघाले, आता पत्र तुम्हाले तिथं गाठनार नाही, म्हून हे धाडत नाही, नुसतं लिवून ठेवते. इतक्या वर्सांत माहे गाल उतरले, हासलं की खोल रेघा पडतात. तुम्ही मले वळखसान का, हाच घोर. हकीमसाहेब म्हणाले, "बदामाचं तेल चोळा, नाहीतर अंड्याच्या पांढऱ्याचा लेप लावा."

दुपारी लेप लावून पडली आन् डोळा लागला. सपनात तुम्ही फुटलेल्या कपाशीतून आले. माह्या गुळगुळीत तोंडाकडं पाहून म्हणाले, "बाई, माही द्वारका कुठी हाय?" मी हासाले गेली, तं तोंडच हालेना. दचकून उठली आन् लेप धुतला.

ठेसनावर अशीच येईन. नाही वळखलं तं हासीन, मंग वळखसान.

तुमचीच,
द्वारका