खाऱ्या माशाचं गलबत

स्फाक्स,
शनिवार, १२ एप्रिल २०२५

लाडक्या आणि तितक्याच तापदायक भावाला, हातिमला, दलंदाचा सलाम.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, उचललास तर वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मेल पाठवली की उत्तरात मुद्दे पाडतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही म्हणून कागद. खालती राहणाऱ्या बहिजाचा जावई मुराद उद्या तुमच्या तुलूझला परत निघालाय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक डबा देतेय. डब्याचं मागून सांगते. उघडायची घाई करू नकोस, आधी वाच.

इकडे ठीक आहे सगळं. बाजारात हिरवे बदाम आलेत. बहिजाचा गुडघा पुन्हा धरलाय, पण जिना चढताना ती अजून प्रत्येक पायरीला एकेका मंत्र्याचा उद्धार करते, म्हणजे तब्येत उत्तम. माझं दुकान चाललंय. तू तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर लिहितोस आणि मी त्याच्या फुटक्या काचा बदलते, दोघांचंही पोट भरतंय. बाबा बरे आहेत. जेवतात चांगले. मध्यंतरी चष्मा फ्रिजमध्ये सापडला, पण ह्या वयात माणूस विसरतोच.

तुला एक गोष्ट ठाऊक नसेल. तुझा ब्लॉग मी दुकानातल्या प्रिंटरवर छापून घरी नेते. जवळजवळ सगळे लेख. बाबा तो गच्चीवर बसून वाचतात, हातात पेन्सिल घेऊन, जणू रेल्वेचं वेळापत्रकच तपासताहेत. त्या सात खंडांच्या जादूच्या कादंबरीवर तू लिहिलंस ना, की शेवटी ड्रॅगन आणून सगळं निस्तरणारा लेखक आळशी असतो म्हणून? ते वाचून मला हाक मारली.

"दलंदा, ही चाळीस हजारांची फौज तीन महिने डोंगरात आहे ना?"

"असं लिहिलंय खरं."

"मग ह्यांच्या पावाचं काय? पीठ कुठनं येतं? भट्टी कोण पेटवतं?"

"बाबा, कादंबरी आहे ती."

"कादंबरीतल्या माणसाला भूक लागत नाही? मी गाफ्साची फॉस्फेटची मालगाडी सोडायच्या आधी ड्रायव्हर जेवला का विचारायचो. आणि ही मंडळी सिंहासनासाठी मरताहेत, उपाशीपोटी!" मग म्हणाले, "ड्रॅगनचं बोललाय ते बाकी बरोबर आहे. पोराला अक्कल आहे. मी म्हटलं म्हणून सांगू नकोस."

नाही सांगितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

राजकारणावरचे लेख मात्र आधी मी वाचायचे आणि मग छापायचे की नाही ते ठरवायचे. पण तो एक त्यांनी बहिजाच्या नातीच्या फोनवर वाचलाच. आपल्या बापांची पिढी पावाच्या मोबदल्यात गप्प बसली, असं तू लिहिलं होतंस. मग गेल्या वर्षीच्या ईदला फोनवर तुमचं जुंपलं. ते म्हणाले, "आधी पाव, मग भाषण." तू म्हणालास, "पाव फेकला की शेपूट हलवणारी माणसं तुम्ही." फोन स्पीकरवर होता रे. ताट वाढलेलं होतं. बाबांनी घास खाली ठेवला आणि उठून गच्चीवर गेले. खरं सांगू, तुझं म्हणणं मला बरंचसं पटलं होतं. बोलणं नाही पटलं. तेव्हापासून तुम्हा दोघांची तोंडं दोन दिशांना.

खेळ तेवढा चालू राहिला. 'सात बंदरं' सोडायचं मात्र दोघांच्याही जिवावर आलं. तू बारा वर्षांचा असताना गच्चीवर पुठ्ठ्याचा नकाशा पसरून खेळायचात, मग तू गेलास आणि खेळ कॉम्प्युटरवर गेला. रोज एक चाल तुझी, एक त्यांची. भांडणानंतर तू निरोपांची खिडकी बंद केलीस. म्हणजे बापलेकांमध्ये समुद्र ओलांडून काही जात असेल तर ती फक्त गलबतं.

आता तुझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखाकडे येते. 'माझा प्रतिस्पर्धी कुठे गेला?' असं नाव दिलंस ना? तो मी छापला नाही, पण चार वेळा वाचला. तू लिहितोस की हा खेळाडू वीस वर्षं पोलादासारखा खेळला आणि गेले काही महिने त्याच्या चालींना शेंडाबुडखा नाही. ऐन युद्धात त्याने आपली राजधानी उघडी टाकली आणि सगळी गलबतं तुझ्या हातिमिया बंदराकडे पाठवली, एकावरही तोफ नाही, सगळी मासळीने भरलेली. मग तू शहाण्यासारखे तीन तर्क लढवलेस. एक, हा सापळा आहे. दोन, म्हातारा मुद्दाम हरून मला लाज आणतोय. तीन, पलीकडे आता माणूस नाहीच, एखादं यंत्र बसवलंय, कारण 'ज्याला कालचं युद्ध आज आठवत नाही तो माणूस कसला'.

ती सगळी गलबतं तू बुडवलीस. आणि पुढच्या रविवारी, वीस तारखेला, त्यांची राजधानी घेऊन खेळ कायमचा संपवणार असं जाहीर केलंस. खाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकलीत.

हातिम, तुझा चौथा तर्क राहिला.

मी वर लिहिलं बाबा बरे आहेत. तसे आहेत. पण चष्म्याच्या आधी चहात मीठ पडलं होतं. त्याच्या आधी त्यांनी मला दोनदा उम्मीच्या नावाने हाक मारली. हिवाळ्यात एका सकाळी मी दुकान उघडत होते तेव्हा स्टेशनातून फोन आला. बाबा जुनी टोपी घालून फलाटावर उभे होते, गाफ्साच्या गाडीला झेंडी दाखवायला. तिथला माणूस भला होता. हसला नाही की ओरडला नाही. म्हणाला, "सी तिजानी, साहेब, तुमची गाडी आज उशिरा आहे, घरी जाऊन चहा पिऊन या." बाबा मुकाट्याने माझ्याबरोबर आले. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "मुलगी चांगली आहेस तू. कुणाची?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. घर येईस्तोवर त्यांना आठवलं, मी कुणाची ते. माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलंय, तुला ते नाव माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. बरं होणार नाही, हळूहळू वाढेल, एवढंच. तेव्हा बाबांना सगळं समजत होतं. तिथून बाहेर पडताना त्यांनी मला बजावलं, "हातिमला कळवायचं नाही. आला तर माझ्यासाठी येऊ दे. कीव करायला नको." मी हो म्हटलं. आता ते वचन मोडतेय. त्यांना ते घेतल्याचं आठवत नाही, आणि मला एकटीला ते झेपत नाही. हे मी शूर असल्याचं सोंग करत कितीही दिवस ओढलं असतं, पण तुझा रविवार मध्ये आला.

ऐक, मासळीचं काय झालं ते.

ईदच्या आदल्या दिवशी मी मासा आणला. खारवलेला, नेहमीच्या दुकानातून. माशाबरोबरचा कांदा-मनुकांचा शरमूला सकाळपासून चुलीवर आटत होता, घरभर तोच वास. बाबा आत आले, वास घेतला आणि एकदम ताजेतवाने झाले. आपल्या घरची रीत तुला आठवते ना? बाहेरगावी जो असेल त्याचा वाटा आधी काढायचा, मग बाकीच्यांनी हात लावायचा. बाबांनी सगळ्यात मोठा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"हा हातिमचा."

"हो बाबा."

"पोचवायचा कसा?"

मी म्हटलं बघू. तेवढ्यात ते कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. मी मागे उभी. नकाशावर बोट फिरवत फिरवत हातिमियावर थांबले. "हे बघ, इथे राहतो तो," म्हणाले. हातिम, तिथे कुणाशी युद्ध आहे हे त्यांना ठाऊक नाही रे. त्यांना एवढंच दिसलं की त्या बंदरावर त्यांच्या मुलाचं नाव आहे. मग होती नव्हती ती गलबतं गोळा केली, तोफा उतरवल्या, "जागा अडते" म्हणाले, आणि मासळी भरली. मी म्हटलं, "बाबा, राजधानी उघडी पडेल." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी. "ईदच्या दिवशी कोण येतंय लढायला?"

त्या राजधानीचं नाव सलूहा आहे हे तुला मी सांगायला नको. उम्मी गेली त्या वर्षी तुम्ही दोघांनी मिळून तिचंच नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमाजाहून आले ते टोपीसकट कॉम्प्युटरपुढे. समुद्र मोकळा होता. गलबतं नव्हती. त्यांनी विचारलं, "पोचला का मासा?" आणि मी म्हटलं, "पोचला बाबा. हातिमने खाल्लासुद्धा. शरमूला थोडा गोड झाला म्हणाला."

"नेहमीचंच आहे त्याचं!" म्हणाले, आणि इतके हसले, इतके हसले, की मलाही हसू आलं. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. जरासं टोचावं म्हणून लिहितेय, पण तेवढ्यासाठी नाही. तुला कळणार तरी कसं होतं? वीस वर्षं ज्याने तुला शिकवलं की पांढऱ्या शिडावर विश्वास ठेवू नकोस, त्याचीच पांढरी शिडं आली. कुठल्याही शहाण्या सेनापतीने बुडवलीच असती. पण यंत्राचं जे लिहिलंस ना, ते मात्र पुसून टाक. मी दिवसभर यंत्रंच उघडून बसते, बाबा. (बघ, तुलाही आता बाबाच म्हणायला लागले.) त्यांतल्या एकालाही अजून ईद आलेली कळलेली नाही.

आता माझं मागणं. रविवारी सलूहा घेऊ नकोस. राजधानी पडली की खेळ संपतो आणि नकाशा बंद होतो, तो परत उघडत नाही. बाबा सकाळी उठतात ते "हातिमचं काय आलं?" विचारत. त्या एका प्रश्नासाठी ते अंथरूण सोडतात, तोंड धुतात, सदरा घालतात. ज्या सकाळी उत्तर नसेल त्या सकाळची मला भीती वाटते. खरंच भीती वाटते. बाकी मी सगळं करीन, औषधं, दार, चुलीची चावी, सगळं. पण सकाळी तुझं गलबत मी कुठून आणू?

हरायचं नाटकही करू नकोस, त्यांना अजून लबाडी कळते. नुसता खेळत राहा. काहीतरी पाठव. लाकूड पाठव, मीठ पाठव.

आणि येता आलं तर ये. भांडण मिटवायला येऊ नकोस, कारण इकडे भांडण उरलेलंच नाही. तुमचं वाजलं होतं, तू वर्षभर बोलला नाहीस, ह्यातलं त्यांच्यापाशी काही नाही. तू त्यांच्यापाशी आहेस, शरमूला गोड झाला म्हणून नाक मुरडणारा. अजून नाव घेतल्याबरोबर ओळखतात. किती दिवस ओळखतील ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, मीही विचारत नाही. आलास की निवडणुकीवर वाद घाल हवा तर. हरतील, पण रंगतील. मी ऐकत बसेन, मला इतकं चुकल्यासारखं होतं रे तुमच्या दोघांच्या आरडाओरड्याशिवाय.

दुपारची झोप झाली त्यांची. हे काय लिहितेस म्हणून माझ्या खांद्यावरून बघताहेत. मी सांगितलं, हातिमला पत्र, आणि मुराद त्याचा वाटा घेऊन निघालाय. "परवा पोचवला ना?" म्हणाले. मग स्वतःच, "असू दे. वाढत्या अंगाचा आहे." आणि डबा हलवून बघितला, झाकणावर आणखी एक चिकटपट्टी मारली, नि पेन्सिल मागितली. म्हणून खाली जागा सोडतेय.

डब्यात काय आहे ते आता तुला कळलंच असेल. हा तरी बुडवू नकोस.

तुझीच,
दलंदा

(खालचं अक्षर बाबांचं आहे. एका ओळीला बराच वेळ लागला. मी मदत केलेली नाही.)

हातिम बेटा, मासा मिळाला की कळव. आणि ड्रायव्हर जेवला का विचार.
– बाबा