पापा येस

अमडापूर, मंगळवार, पौष वद्य तृतीया

चिरंजीव निवृत्तीस मायचा आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे.

काल सगळ्यात आधी आला इंद्रभान मास्तर, तोही कोट घालून. तेव्हाच समजली मी, का आज काहीतरी आहे. त्याच्या मागून दवाखान्याची मेम. विलायतेहून नवीन आलेली, मराठी नाही, हिंदी नाही. नर्सचं काम शिकायले पोरी शोधत गावोगाव फिरून राह्यली. गुळाचा चहा दिला, तो सारा पेली. तूर यंदा चांगली आहे. तुझा कंदील रज्जाकनं दुरुस्त करून आणला.

झुंबरबाईच्या हाताले विळा लागला होता अन् तुझी शालू ओसरीत तिचा हात धुऊन पट्टी बांधत होती. मेम पाहतच राह्यली. मास्तरले विचारलं, ही पोरगी येईल का. मास्तर पुस्तकातल्यासारखं लांबलचक इंग्रजी बोलला. विधवा आहे, बापानं दुसरबीडच्या रंगरावाशी पाट ठरवला आहे, तिले स्वतःले शिकायची इच्छा नाही. त्याले वाटलं, म्हातारी डाळ निवडून राह्यली, हिले काय समजते.

बापा, खामगावले कापसाच्या जिनाच्या साहेबाची तीन लेकरं मी सात वर्षं सांभाळली. तू इंग्रजी शाळेत गेला अन् मले म्हणला, "माय, चार लोकांत तुझं ते आयाचं इंग्रजी नको बोलू." पंचवीस वर्षं एक शब्द काढला नाही. गाईपाशीही नाही.

काल निघाला. "मेमसाब, मास्टर नो नोइंग. गर्ल लाइक. गर्ल कम."

मास्तरचं तोंड उघडंच राह्यलं. मेम पाट ओढून माझ्याजवळ बसली, लेकराशी बोलावं तसं सावकाश बोलली. रक्ताले भिते का? "नो फिअर." वाचता येते का? "फोर क्लास पास." शालू दाराआड होती. तिले सांगितलं तर मान हलवली अन् हसली. सासरहून पांढरं कपाळ घेऊन आली, त्या दिवसापासून पहिल्यांदा हसली. मले तर फुगडी घालावी वाटली, या गुडघ्यांवर.

पुढचं लिहायचं म्हणून दोनदा उठली. म्हशीले पाणी दाखवून आली. ती प्यायली नाही, मघाशीच प्यायली होती.

जाता जाता मेमनं विचारलं, हिच्या बापाची संमती आहे का. मास्तर माझ्याकडं पाहत होता. मी म्हणलं, "पापा येस."

मराठीत मी तुझ्या नावानं कधी खोटं बोलली नाही. ते दोन शब्द एवढे लहान होते, का निघूनच गेले. तेव्हापासून भाकर करपते, सुईत दोरा जात नाही. रंगरावच्या लेकराइले माय पाहिजे, तेही खरं. पण शालू अठरा वर्षांची आहे.

तिले वाटते तू खरंच हो म्हणला. खुंटीवरच्या तुझ्या जुन्या टोपीले नमस्कार केला तिनं, अन् आता लुगड्यांची घडी घालून राह्यली. शिव्या द्यायच्या तर मले दे. तिले लिहिशील तेव्हा, ते दोन शब्द तुझेच होते असं लिही.

पत्र आज लिहिलं, पण टपालात उद्या टाकीन. चिखलीवरून फिरत फिरत तुझ्या कचेरीत शुक्रवारी पोहोचन, हिशोब करूनच टाकते.

तुझी, तुले न विचारणारी माय

मेम मोटर घेऊन गुरुवारी सकाळी येते म्हणाली.