सांगून जातोय

तांडा, १२ मार्च २००६

प्रिय मिना,

एकाच घरात राहून बापू पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. तोंडानं सांगायला गेलो की माझी गाडी आपली पिकापाण्यावर घसरते, हे तुला ठाऊक आहे.

नवऱ्याशी, प्रेमदासशी भांडून माहेरी आलीस त्याला महिना झाला. प्रेमदासला फाट्यावरच्या गॅरेजातून यायला जरा उशीर झाला, की तू तिथं जाऊन उभी राहायचीस. तू रडून विचारलंस की तो चपला घालून बाहेर पडायचा. तू जितकी मागं लागायचीस तितका तो लांब जायचा. तांड्यानं तुला संशयी ठरवलं. बाप असून मीही तेच म्हणालो.

खरं काय ते मला माहीत होतं. तू चार वर्षांची होतीस. दिवाळी झाली आणि ऊसतोडीचा ट्रक आला. तुला आजीपाशी ठेवायचं होतं. रडशील म्हणून मी तुला दुकानात गोळ्या आणायला धाडलं. "कुटंच न्हाई जात आमी, तू ये तवर," असं म्हणालो. तू दोन गोळ्या आणल्यास, एक माझ्यासाठी. ती तुझ्या मुठीतच विरघळली, हे आम्ही उन्हाळ्यात परतलो तेव्हा आजीनं सांगितलं. पुढच्या वर्षी तू दुकानात जाईनास. फ्रॉकचा बंद आईच्या ओढणीला बांधून बसलीस. दुपारी तुझा डोळा लागला आणि ती गाठ मी सोडली, मिना, या हातांनी. वर मला मीच हुशार वाटलो.

मंगळवारी प्रेमदास तुला न्यायला आला. तुमचं पुन्हा वाजलं. तू चहा टाकायला आत गेलीस, तेव्हा मीच त्याला म्हणालो, आता गुपचूप निघ, नाहीतर ती रडारड करेल. तू दोन कप घेऊन बाहेर आलीस, रिकाम्या बाजेकडं पाहिलंस. "आजबी सांगितलं न्हाई, बापू," एवढंच म्हणालीस. त्याची चूक असेल तेवढी असेल, पण त्या दिवशी त्याला मी पळवलं.

आज वारंगा फाट्यावर त्याच्याकडं जातोय. गोळीचं, गाठीचं सगळं सांगणार. कुठंही जा, पण तिला सांगून जा, एवढंच मागणार. तो येईल की नाही, याचा शब्द मी देत नाही. मी मात्र संध्याकाळच्या एसटीनं परत येणार. हे पत्र उशाखाली ठेवून निघालो नाही, तुझ्या हातात दिलंय. वाचून झालं की वर बघ. मी समोर ओट्यावरच बसलोय. फाट्याकडं जाणारी एसटी गेली तर जाऊ दे, तू जा म्हटल्याशिवाय मी उठणार नाही.

तुझाच,
बापू