बाबांना थेस्सालोनिकीला नेलं तेव्हा

श्टुटगार्ट,
१४ ऑक्टोबर

प्रिय स्ट्रातो,

अनेक आशीर्वाद. मेलबर्नला तुम्ही सगळे मजेत असाल, धाकटीचा खोकला थांबला असेल. इथे थंडी सुरू झालीय; हीटर मी एकाच खोलीत लावते. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

थेस्सालोनिकीला, आपल्या जुन्या गावी, पोचल्या पोचल्या बाबांना बुगात्सा हवी झाली. ते जुनं दुकान अजून आहे. तसेच गरम पापुद्रे, आत खीर, वर साखर. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टर इथला आहे का?" मग समुद्राकाठाने चालत गेलो. लग्नाआधी आई नि ते जिथे भेटायचे, त्या सिनेमाघराची आता बँक झालीय. बाबा दारापाशी बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, रडतील. म्हणाले, "चल, मासळीबाजार बघू."

आणि मासळीबाजारात ते हरवले.

ओल्या फरशीवरून घसरत मी एकेका गाळ्यावर विचारत सुटले. त्यांचा फोन बंद. हृदयाच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. स्ट्रातो, तुला कोणत्या शब्दांत कळवायचं, तेसुद्धा मी मनात जुळवायला लागले होते.

शेवटी सापडले ते वरच्या वस्तीत, आपल्या जुन्या गल्लीतल्या कॉफीच्या दुकानात. समोर सोंगट्यांचा पट, पलीकडे त्यांचा शाळेतला मित्र पारास्खोस. "चोरा, फासा परत टाक!" बाबा ओरडत होते. आई गेल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर भडकले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इव्हान्थिया, खोली बघितलीय. पारास्खोसच्या बहिणीची, तळमजल्यावरची. मी इथेच राहतोय."

"आणि छातीत दुखलं तर?"

"तर आम्ही काय तोंड बघत बसणार?" त्याची बहीण देस्पिना आतून म्हणाली.

"तिकडे श्टुटगार्टला तुझ्या घरी दुखलं तर तू कुठे असतेस, पोरी?" बाबा म्हणाले. "कामावर. आणि मी खिडकीत बसलेला. इथे निदान कुणी मला शिव्या तरी देतं."

पुढचे दिवस भांडण्यात गेले. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, धोका आहेच, तुमच्याकडेही होता. मग कोणती गोळी कधी द्यायची, ते देस्पिनाकडून पाठ करून घेतलं. विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

कळलं ना आता? मी बाबांना तिथे ठेवून आलेय.

काल दिवसभर त्यांनी फोन उचलला नाही. मी बॅग भरायला घेतली होती. आज सकाळी उचलला, "डाव चाललाय, मग बोल," म्हणाले आणि ठेवून दिला. मला हसू आलं, पण बॅग अजून रिकामी केलेली नाही.

रागवायचं तर माझ्यावर रागाव. त्यांना परत जा म्हणू नकोस. आज कोण जिंकलं, एवढंच विचार. आणि मला दोन ओळी लिही, ताई, तू केलंस ते बरोबर केलंस म्हणून. तुला पटलं नसलं तरी लिही.

फोन उशाशी घेऊन झोपणारी तुझी ताई,
इव्हान्थिया