पाकिटात न घातलेलं नाव

केज, शनिवार, २९ नोव्हेंबर

प्रिय मार्था हिस सलाम.

माझी तब्येत बरी आहे. लेकीच्या हातची भाकर पचते, खोकलाही उतरलाय. तिकडं पाली गावात थंडी पडली का? शेळी व्याली का?

आज देवळाचं वर्ष सरलं. उद्यापासून नाताळाआधीचा आगमनकाळ. महिनाभर वेदीवर मृतांच्या नावांचं पाकीट होतं. आज शेवटच्या मिस्साच्या उपासनेत फादरांनी ती नावं वाचली.

मी निघताना तू म्हणालीस, "औंदा आपल्या लूकसचंबी नाव घाला. ऊसतोडीला गेलेलं पोरगं बारा वर्षं परतलं न्हाई. निदान मिस्सा तरी भेटंल त्याला." मी आई, वडील, तुझा भाऊ, एवढी नावं लिहिली आणि थांबलो. रूथ म्हणाली, "बाबा, आईनं सांगितलंय न्हवं? लिवा की." मी म्हणालो, "चष्मा सापडत न्हाई." तो नाकावरच होता.

आठवतं, माझ्या वर्गात लूकस कवितेचं शेवटचं कडवं कधी म्हणायचा नाही. "मग संपतीया, गुरुजी," म्हणायचा. घरात बाबा, शाळेत गुरुजी.

त्याचं नाव दिलेलं नाही हे ठाऊक असूनही फादर वाचत होते तोवर माझा जीव कानात होता. नंतर प्रवासातल्या लोकांसाठी प्रार्थना झाली. तिथं मी "लूकस" म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, लोक वळून बघायला लागले.

फोनवर हे सांगता आलं नसतं. रागावू नकोस, कदाचित तुझंच खरं असेल. पण ते नाव लिहायचंच झालं, तर पुढल्या साली तू लिही. माझ्या हातानं व्हायचं नाही.

तुझा,
शिमोन